खुंटी क्रमांक चौदा

वर सात पदार्थांचं जेवण चाललंय.
खाली माझ्याकडे येतो तो ओल्या बुटांचा वास.
गरम दांड्यांवर उलटे टांगलेले चाळीस जोड,
वटवाघळांसारखे,
आणि मधोमध मी, बुर्गी,
याच तळघरात बावीस हिवाळे.

माणसं वर लिफ्टमध्ये काय काय सांगतात,
ते त्यांच्यापाशी.
सहा नंबरचा बँकर म्हणतो, काळी उतरण तीनदा केली;
त्याच्या तळव्यांना मात्र चिकटलाय
पोराटोरांच्या सरकत्या पट्ट्याचा रबरी चुरा.
अकरा नंबरचं जोडपं पहाटे तीनला बूट देतं,
टाचांत पाइनच्या फळीची साल
(म्हणजे आजही टेबलावरच नाचले)
आणि डाव्या बुटात शॅम्पेनचं बूच.
मी बूच काढून ठेवते. डबा भरत आलाय.

दहानंतर झोल्तान उरलंसुरलं घेऊन येतो,
हरणाचं मांस, लाल कोबी,
सोन्याचा वर्ख लावलेलं नखाएवढं चॉकलेट.
"सोनं खाऊन काय होतं रे?"
"उद्या सकाळी कळेल," तो म्हणतो.
आम्ही दोघं ते अर्धं अर्धं खातो.

मग बारमध्ये ठोके सुरू होतात.
छत थरथरतं,
चाळीस जोड बुटांच्या जिभा एकदम हलायला लागतात,
जणू प्रत्येकाला काही सांगायचंय,
आणि वॉकी-टॉकीवर कासियान, माझा जुना नवरा:
"बुर्गी, जागी आहेस?"
तो रात्रभर यंत्र घेऊन डोंगराची वेणीफणी करतो.
संसारात त्याला स्वतःचा भांग पाडता आला नाही.

चौदा नंबर फ्राउ टेगेलरचा.
वय एक्क्याऐंशी. कमरेत नवा सांधा.
रोज सकाळी आठला बूट मागते, गरम,
बकल लावून घेते माझ्याकडून, दोन घट्ट, दोन सैल,
खांद्यावर स्की टाकून पाळण्यात बसते,
वर जाते,
आणि कासियान सांगतो,
मधल्या स्थानकाच्या गच्चीवर मेंढीच्या कातड्यावर बसून
सूपाची वाटी थंड होईपर्यंत
उतरणाऱ्यांकडे बघत राहते. पाळण्यानेच खाली येते.

रात्री जेवताना नातवंडांना उतरणी सांगते.
कुठे वळली, कुठे बर्फ कोवळा होता,
कोणत्या तरुणाला मागे टाकलं.
झोल्तान वाढताना ऐकतो. शपथेवर सांगतो,
वळणं सगळी बरोबर असतात.

आणि तिचे तळवे
कोरडे. खडखडीत. पाच दिवस.

मंगळवारी संध्याकाळी तिचा नातू खाली आला,
व्हालेन्टीन, एकोणीस वर्षांचा,
म्हणे हातमोजा हरवलाय.
हातमोजा त्याच्या खिशातच होता.
चौदा नंबरपाशी थांबला,
तळव्यावरून एक बोट फिरवलं,
बोटाकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी साडेचारला तिने बूट दिले,
तसेच.
मी मागचं दार उघडलं.
कचऱ्याच्या पिंपांपलीकडे, जिथे कुणी जात नाही,
तिथला बर्फ घमेल्यात भरला
आणि बसले चोळत,
तळव्यांत, बकलांत, जिभेच्या आत,
नाकाला लावून पाहावं इतक्या बारकाईने.
हात बधिर झाले. बावीस वर्षं मी याच बुटांमधून
हाच बर्फ काढत आले.

पाचला पोरगा आला.
टप. टप.
चौदा नंबरखाली बशीएवढं तळं.
त्याने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.
"आजी गेली होती तर," कुणालाच न म्हणता म्हणाला,
आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर.

मग ती स्वतः आली, चष्मा विसरला म्हणून.
चष्मा डोक्यावर.
तळ्याकडे बराच वेळ बघत होती.
माझ्या लाल बोटांकडेही.
छतावर ठोके सुरू व्हायला अजून वेळ होता.

"वरती जरा कडक होता आज," ती म्हणाली.
"हो," मी म्हणाले, "खाली मऊ."
फडकं हातात होतं.
फरशी मी पुसली नाही.